मालकांचं बिऱ्हाड

कुणाच्या घरी पाण्याचा पेला पुढं आला की मी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवते. तहान असो वा नसो. माझी मुलगी हसते, म्हणते, आई, औषध आहे का ते? आता तिला काय सांगायचं. तिच्या जन्माच्या आधी एका अर्ध्या पेल्यापायी आमची राहायची खोली जाता जाता वाचली होती.

लग्नाचं पहिलं वर्ष होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. नवरा चिकलठाण्याकडं एका कारखान्यात नुकताच चिकटलेला आणि मी एका खाजगी शाळेत पाचवीला मराठी शिकवणारी. मुकुंदवाडीच्या पुढं तेव्हा शेतं मोडून प्लॉट पडत होते. गुंठ्यागुंठ्यानं विकलेले, कागद अर्धे बाँडवर आणि अर्धे एकमेकांच्या विश्वासावर. तिथल्या एका फाटकावर पाटी दिसली : ‘रूम भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिली.’ आम्ही नवीकोरी फॅमिली होतो. आत गेलो.

घरमालकांनी ओट्यावर बसवलं. त्यांच्या बायकोनं दोन पेले पाणी आणून ठेवलं. मालक समोर उकिडवे बसले आणि आमचं गाव, नोकरी, पाहुणे-रावळे सगळं विचारू लागले, पण नजर पेल्यांवर. मी रीत म्हणून दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. नवऱ्यानं आपला संपवला आणि, उन्हातून आलेला, माझाही उचलून संपवला. मालकांचा चेहरा तेव्हा कुठं सैल झाला.

“साहेब, खोली तुमच्याकडं पाहून देतो,” ते म्हणाले. “मॅडमला जरा समजून सांगा. अर्धा गिलास ठिवणारं माणूस आपल्याला परवडत नाय.”

पहिल्या भेटीत हा माणूस मला मुळीच आवडला नाही. पुढं चार वर्षं त्यांच्या घरात काढली. त्यांच्याशी भांडले, अबोला धरला, त्यांच्यामुळं हसूनही लोटपोट झाले. अजूनही घर, भाडं, मालक असले शब्द कानावर पडले की मला दुसरं कुणी आठवत नाही. भाऊराव मामाच आठवतात. सगळे भाडेकरू त्यांना मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी.

मामा मेंढपाळांच्या घरचे. लासूर स्टेशनच्या बाजूचं मूळ गाव, पण गावात असे ते पावसाळ्यापुरते. उरलेलं वर्ष मेंढरांमागं, घोड्यावर बिऱ्हाड टाकून. चालण्याची ती ढब त्यांच्या अंगातून कधीच गेली नाही. काठी मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी घ्यायची, दोन्ही हात वरून तिच्यावर टाकायचे आणि लांब ढांगा टाकत निघायचं. माळावर हे शोभून दिसत असेल. आमच्या घराचा बोळ होता जेमतेम तीन फुटांचा. काठी दोन्ही भिंतींना लागायची. पण काठी खाली घ्यायची हे काही त्यांना सुचत नसे. ते आडवे होऊन, खेकड्यासारखे, एक पाय पुढं टाकत बोळातून यायचे. भिंतींचा रंग त्या उंचीवर कायम खरवडलेला असे आणि भाडेकऱ्यांच्या पोरांनी भिंतीला खिळा मारला तर मामा तासभर बोलत.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर ते एक फेरी मारत. प्रत्येक दारासमोर थांबायचं, आत डोकवायचं नाही, फक्त दाराबाहेरच्या चपला बघायच्या आणि पुढं सरकायचं. कुणाचा जोड कमी दिसला की फाटकाला कडी लागत नसे. “पेंटर आला नाय आजून,” असं स्वतःशी म्हणत ओट्यावर बसून राहायचे. मला आधी ही हेरगिरी वाटली. नंतर उमजलं की हा माणूस कळप मोजतोय.

भाडं मात्र त्यांनी कधी तोंडानं मागितलं नाही. तारीख उलटली की ते दारात येऊन विचारत, “मॅडम, नळ गळतो का तुमचा?” नळ गळत नसे. गळायला त्यात पाणी तरी कुठं असे? पण ते आत येऊन तोटी फिरवून बघत, मान हलवत आणि निघून जात. त्या दिवशी आपण समजून घ्यायचं. वरच्या खोलीतला पेंटर परांचीवरून पडला आणि पाय मोडून घरी बसला, तेव्हा चार-पाच महिने मामा त्याचा नळ बघायला फिरकले नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, “त्याचा नळ चांगला हाय.”

पुढं मामा शहरात येऊन एका कारखान्यात लागले होते. तिथून लवकर निवृत्ती घेतली तेव्हा त्यांना एकरकमी पैसे मिळाले. त्यांच्याबरोबरच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी दुकान काढलं, कुणी पोराच्या लग्नात मांडव घातला. मामांनी वीस बाय तीसच्या प्लॉटवर खोल्या बांधल्या. खाली तीन, वर दोन. या बाबतीत त्यांची मतं पक्की होती आणि आजूबाजूचे लोक ती ऐकायला येत. मोठी खोली बांधू नका, भाडं थोडं वाढतं आणि बांधकाम दुप्पट होतं. संडास एकच ठेवा पण मीटर प्रत्येकाला वेगळं ठेवा, कारण भांडण संडासावरून होतं ते मिटतं, विजेवरून होतं ते मिटत नाही. त्यातली निम्मी मतं साफ चुकीची होती. एका संडासावरून त्या घरात झालेली आणि कधीही न मिटलेली भांडणं मी स्वतः केली आहेत.

“दुकान काढू नका,” ते सांगत. “दुकानाला उधारी लागती. खोलीला फकस्त कुलूप लागतं. आन् मेंढरू मरतं, खोली कशानं मरंल?”

हे शेवटचं वाक्य ते फार वेळा म्हणत. सुरुवातीला मला ते शेखी मिरवल्यासारखं वाटे. मग एकदा त्यांनीच सांगितलं. ते लहान होते तेव्हा मोठा दुष्काळ पडला. बाप कळप घेऊन गोदावरीच्या कडेकडेनं पैठणपर्यंत गेला आणि परत येईपर्यंत निम्मा कळप वाटेत पडला. उरलेला बाजारात मिळेल त्या भावाला गेला. “बाप बाजारातून आला ते मोकळी काठी घिऊन,” मामा म्हणाले. “मागं आवाजच नाय काही. आम्ही पोरं मागं पाहू राह्यलो, की येतीलच आता.” एवढं बोलून ते उठले आणि माझा नळ बघून गेले. त्या दिवशी तारीखही नव्हती.

आम्हाला मिळालेली खोली म्हणजे मामा-मामी स्वतः राहत होते तीच. हे आम्हाला सामान घेऊन गेल्यावर कळलं. चुलीच्या बाजूची भिंत अजून काळी होती. मामी पातेली, पिंप, गोधड्या शेजारच्या खोलीत नेत होत्या आणि शेवटी एक दुरडी त्यांनी लाल फडक्यानं झाकून डोक्यावर घेतली. दोन दारांमधलं अंतर चार पावलांचं. पण मामी अशा निघाल्या की जणू गाव सोडून चालल्यात.

दुरडीत देव होते. चांदीचे टाक, बारकेसे, भंडाऱ्यानं पिवळे झालेले. मामींनी मला त्यांची रीत समजावून सांगितली. फिरतीवर असताना देव दुरडीत असतात, घोड्यावर बसून माणसांबरोबर चालतात. पण एकदा का घर झालं की ते भिंतीत बसवायचे. भाऊबंद बोलवायचे, जागरण घालायचं, ढोल वाजवायचा, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. आणि एकदा बसवले की हलवायचे नाहीत. आज इथं, उद्या तिथं, हे बसलेल्या देवाला चालत नाही. म्हणून मामी थांबल्या होत्या. आपली म्हणून एक खोली ठरली की बसवू.

“मग कधी बसवणार मामी?” मी विचारलं.

“ह्यांचं ठरलं की,” त्या म्हणाल्या आणि चुलीच्या जागेकडं पाहत राहिल्या.

आमच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला एक देवळी होती, छान सिमेंटचा काठ केलेली. मामांनी ती देवांसाठीच ठेवली होती. आम्ही तिच्यात मिठाची बरणी आणि काडेपेटी ठेवायला लागलो. मामी कधी साखर मागायला आल्या की त्यांचं लक्ष तिथं जायचं. मी एकदा म्हटलं, मामी, तुमचे देव इथंच ठेवा की, मी रोज दिवा लावीन. त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. “भाडेकऱ्याच्या घरात देव ठिवू व्हय? तू गेलीस की दुसरं येणार, कसलं येतंय काय ठावं.”

वर्षभरात शेजारच्या खोलीला एक नर्स आणि तिची आई आल्या. बाईमाणसं, भाडं वेळेवर, पाणी कमी वापरणार. मामांना मोह आवरला नाही. मामा-मामी मागच्या खोलीत गेले. पुढच्या वर्षी मागच्या खोलीला गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी जिन्याखालची जागा विटांनी आडोसा करून बंद केली, वर पत्र्याचा तुकडा घातला आणि तिथं राहायला गेले. उभं राहिलं तर डोकं लागायचं. मामी वाकून स्वयंपाक करत, मामा बाहेर ओट्यावर झोपत. प्रत्येक खेपेला मामा म्हणत, ही शेवटची. त्या दोन खोल्यांतही देवळ्या होत्या. एकीत नर्सनं घड्याळ ठेवलं, दुसरीत टीव्हीचा रिमोट राहायचा.

आणि मामी? चहा उकळेपर्यंत त्यांचं बिऱ्हाड बांधून होत असे. “माहेरी बी असंच व्हतं,” त्या म्हणत. “घोड्यावर टाकलं की झालं.” तक्रारीचा सूर नसे. त्यामुळंच मला राग येई. एकदा मी मामांना तोंडावर बोलले की तुमच्याच घरात तुम्ही उपऱ्यासारखे राहता, मामींना दोन भिंती द्यायला काय होतं? मामा चिडले नाहीत. म्हणाले, “मॅडम, तुमचा पगार पहिल्या तारखेला येतो. तसं मपल्याआधी आमच्या सात पिढ्यांत कुणाचं आलं नाय, आन् मपला बी कारखाना सुटला. खोली रिकामी ऱ्हायली ना, की मला झोप लागत नाय. मागं आवाज नसल्यावानी वाटतं.”

मी आत गेले आणि भाजी जाळली.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. बोअरनं आधी धार बारीक केली, मग नुसती हवा फेकायला लागली. टँकर यायचा, तोही मर्जीप्रमाणं. टँकरवाला काचेतून ओरडायचा, “आज आधाच हय चाचा. होना तो लेव, नको तो मय आगे जातूं.” मामा घ्यायचे. ड्रमांची रांग लावून स्वतः पाइप धरायचे आणि प्रत्येक घराचा ड्रम एकाच खुणेपर्यंत भरायचे. कुणी जास्त मागितलं की मामा बहिरे. मुलीला त्यांनी पैठणला दिलं होतं, धरणाच्या अगदी उशाला. “लेक पाण्यापाशी दिली आन् आपण इथं येऊन बसलो,” असं ते टँकरच्या दिवशी हमखास म्हणायचे.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी बोळात मेंढरांचा वास आला. मामांचा चुलतभाऊ धोंडिबा कळप घेऊन लासूरकडून निघाला होता. शहराच्या बाजूनं जाताना भावाचं घर आठवलं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर ती मेंढरं उभी राहिली, माना खाली घातलेली. कुणी ओरडतसुद्धा नव्हतं. धोंडिबा ओट्यावर आला, मामांच्या पाया पडला आणि म्हणाला, “दादा, पाण्याचं तेवढं बघ. दोन दिसांपासून प्यायली नायती.”

सकाळीच टँकर येऊन गेला होता. सगळे ड्रम भरलेले. आम्ही सगळे भाडेकरू आपापल्या दारात येऊन उभे राहिलो, कुणी आत गेलं नाही. पेंटरच्या बायकोनं तर आपल्या ड्रमावर झाकण ठेवून वर हात ठेवला. मीही माझ्या ड्रमाशेजारीच उभी होते. मामांनी आमच्या तोंडांकडं पाहिलं, मग मेंढरांकडं.

“पाणी भाडेकऱ्यांचं हाय धोंडिबा,” ते म्हणाले. “मपलं नाय.”

धोंडिबा वळून मेंढरांकडं पाहू लागला. भाऊ इतका बदलला याचं त्याला नवल वाटलं असेल किंवा नसेलही. तेवढ्यात मामी जिन्याखालून वाकून बाहेर आल्या. आपला ड्रम त्यांनी तिरका केला आणि कडेवर फिरवत ओट्यापर्यंत आणला. मामा पुढं झाले. मला वाटलं अडवतात. त्यांनी ड्रमाला हात लावला आणि तो प्लॉटपर्यंत नेला. पराती मांडून मामांनी स्वतः मेंढरांना पाणी पाजलं. आठवडाभराचं त्यांचं पाणी थोड्या वेळात संपलं आणि अर्ध्या कळपालाही पुरलं नाही.

जाताना धोंडिबा मामींना भेटायला जिन्याखाली वाकला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“वहिनी, देव आजून दुरडीतच?” तो म्हणाला. “आमचे बी दुरडीतच हायती. पण आमी चालतो तरी.”

मामा ऐकत होते. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चपलांची फेरी मारली नाही.

पावसाळा बरा गेला. मामांनी वर तिसरी खोली काढली. या खेपेला खोली मोठी होती, त्यांच्या सगळ्या मतांच्या विरुद्ध. पांढऱ्या फरश्या, दोन खिडक्या, पूर्वेला देवळी आणि तिला निळ्या टाइलची चौकट. “ही तिची,” मामा आम्हा प्रत्येकाला सांगत सुटले. जागरणाचा दिवस ठरला. भाऊबंदांना निरोप गेले, ढोलवाले ठरले. मामींनी माझ्याकडून पितळेची समई घासायला चिंच मागून नेली. त्या समई घासताना गुणगुणत होत्या. चार वर्षांत मी त्यांना गुणगुणताना तेव्हाच ऐकलं.

जागरणाला तीन-चार दिवस असतील. एक ठेकेदार आला. पलीकडं मोठ्या इमारती उठत होत्या, त्याला आपल्या मजुरांसाठी वरचा अख्खा मजला हवा होता. पेंटरचं कुटुंब त्याच महिन्यात गावी परत चाललं होतं, दुसरी खोली रिकामीच होती. ठेकेदार वर्षाचं भाडं एकदम द्यायला तयार. मामा त्याला नको म्हणाले. मग ठेकेदार म्हणाला की बोअर आणखी खोल न्यायचा खर्चही मी अर्धा उचलतो. मामा ओट्यावरून उठले, काठी खांद्यावर घेतली आणि समोरच्या प्लॉटवर किती तरी वेळ फिरत राहिले. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, जाऊन त्या माणसाची काठी धरावी आणि सांगावं की मामा, नका करू.

परत येऊन त्यांनी ठेकेदाराशी हात मिळवला. मग जिन्याखाली वाकून म्हणाले, “पाण्याचं कायमचं मिटतंय. औंदाच्या साली ऱ्हाऊ दे. पुढच्या साली नक्की.”

आतून समई खाली ठेवल्याचा आवाज आला.

जागरण रद्द झालं, असं आम्ही धरून चाललो. ठरल्या दिवशी सकाळी मामींनी माझ्या दारात येऊन सांगितलं, “पोरी, पुरण वाटायला ये.” मला कळेना. गेले तर जिन्याखालची ती कोंदट जागा शेणानं सारवलेली, आतल्या तिरक्या भिंतीत, जिथं पायऱ्या उतरत जमिनीला टेकतात तिथं, मामींनी छिन्नीनं स्वतः कोनाडा खणलेला. ओबडधोबड. विटा दिसत होत्या.

“मामी, इथं?” मी म्हटलं. “वरून लोक जिना चढतात. देवाच्या डोक्यावरून पाय जाणार.”

“जाऊ दे,” मामी म्हणाल्या. “ही जागा भाड्यानं कोण मागतंय? इथून मला कोणी उठवायचं नाय.”

भाऊबंद आले, कारण रद्द झाल्याचा निरोप मामींनी जाऊच दिला नव्हता. जागा बघून म्हातारे कुजबुजले, पण नाही कुणी म्हटलं नाही. ढोल बोळात वाजला. भंडारा उडाला. मामींनी दुरडी रिकामी केली, एक एक टाक पुसून कोनाड्यात बसवला आणि तिथंच डोकं टेकून राहिल्या. मामा बाहेर ओट्यावर उभे होते. आत जागाच नव्हती. ढोल थांबला तेव्हा ते रडत होते. मी त्यांना इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल होता नव्हता तो राग त्या दिवशी संपला.

वरचे मजूर आले. मामांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येकाला चपला काढून हातात घ्यायला लावलं. बिहारची, ओडिशाची पोरं. बिचारी मुकाट चढायची. पण आपण पाय देतो त्या पायरीखाली कुणाचे तरी देव आहेत हे कळल्यावर त्यांच्यातलाच एक म्हातारा मिस्त्री वर जायला तयार होईना. ठेकेदारानं दोनेक महिन्यांत माणसं दुसरीकडं नेली. वर्षाचं भाडं परत मागितलं. मामांनी दिलं.

त्यानंतर आम्हीही गेलो. कर्ज काढून बीड बायपासच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मुलगी झाली, शाळा बदलली, शहराचं नाव बदललं. जाणं येणं कमी होत गेलं. मधे पुन्हा दुष्काळाची वर्षं आली आणि गेली.

गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त त्या बाजूला गेले होते, म्हणून वाकडी वाट केली. ओळखीचं काही उरलं नव्हतं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर लिफ्टची इमारत, तिच्या पार्किंगमध्ये गाड्या. भाड्यानं राहणाऱ्यांनाही आता लिफ्ट लागते, प्रत्येकाला आपला संडास लागतो. मामांचं घर दोन इमारतींच्या मधे दबून उभं होतं. सगळ्या दारांना कुलपं. बाहेरच्या बाजूनं एक अरुंद लोखंडी जिना नव्यानं लावलेला होता, थेट गच्चीपर्यंत.

मामा ओट्यावर होते. ओळखायला वेळ लागला त्यांना, मग एकदम उभे राहिले. “मॅडम! या या. कोणती खोली पाह्यजे सांगा. सगळ्या रिकाम्या हायती.” त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही. बोअर पुन्हा आटली होती. पाण्याशिवाय त्या खोल्यांत राहायला कुणी येत नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. मामींचे गुडघे गेले होते. जिन्याखाली ओल येते, वाकता येत नाही, दम लागतो. “वरची ती मोठी खोली रिकामीच हाय,” ते म्हणाले. “तिचीच व्हती ती. मी रोज झाडून ठिवतो. ती येत नाय. भाऊबंदांना इचारलं, ते म्हणले रीतीनं पुन्यांदा जागरण घातलं तर देव हालवता येत्यात. ती नाय म्हणती. मपलं ऐकणार नाय ती आता. तुमचं ऐकंल. तुमी तरी सांगा.”

मी वाकून आत गेले. अंधारात मामी बसल्या होत्या, फार लहान झालेल्या. कोनाड्यात समई होती. माझा हात त्यांनी हातात घेतला आणि मुलीचं, नवऱ्याचं, सासूचं सगळं विचारलं. मग मी विषय काढला. वर उजेड आहे, वारा आहे, मामा म्हणतात.

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “मी पाह्यली हाय ती खोली. लई चांगली हाय.” थोडा वेळ त्या माझा हात कुरवाळत राहिल्या. “पोरी, लगीन झाल्यापासून मी सामान बांधूनच बसले व्हते. इथं एकदाची बसले. त्यांना सांग, आता मला उठवू नका.”

मी डोळे पुसूनच बाहेर आले. मामांना काही सांगायची गरज पडली नाही, ते दाराशीच उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते नुसते “बरं” म्हणाले.

मी फाटकापर्यंत आले तेव्हा त्यांना गच्चीवरच्या टाकीची आठवण झाली. दुपारी टँकर येणार होता, टाकीचं झाकण उघडायचं होतं. कोनाड्यावरचा सिमेंटचा जिना त्यांच्या समोरच होता, रुंद, कठडा असलेला. घरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, बघायलाही कुणी नव्हतं. मामा वळसा घालून घराच्या कडेला गेले. लोखंडी जिना त्यांच्या वजनानं हलत होता. दोन्ही हातांनी दांडी धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, ते वर चढत राहिले.